टँकरशिवाय जगणारी बाग: धायरीच्या अंगणासाठी

अंगणात लावायला तुम्ही पाठवलेल्या झाडांच्या यादीतली चार आधी बाजूला ठेवा: ताम्हण, सीताअशोक, कदंब आणि सुरंगी. चारही अस्सल देशी, त्यात ताम्हणाचं फूल म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल. पण पुण्याच्या धायरीतल्या रो-हाऊसच्या अंगणात ही झाडं दर उन्हाळ्यात तुमच्याकडे पाणी मागतील, आणि तुम्हाला तर टँकरच बंद करायचाय.

तुम्ही कळवलेलं थोडक्यात असं: घराच्या पुढे, मागे आणि पश्चिमेच्या बाजूला मिळून साधारण १,२०० चौरस फूट मोकळी जागा. त्यातल्या निम्म्या जागेत बिल्डरने लावून दिलेलं लॉन. मार्चपासून पाण्याची ओढाताण. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन. घरात दोन लहान मुलं. सासूबाईंना पूजेची फुलं, तुळस आणि दूर्वा घरच्याच हव्यात. येत्या पावसाळ्यात लागवड करायचीय.

झाड देशी आहे की नाही, याच्या आधी ते किती पावसाचं आहे ते विचारावं लागतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर पुण्यात तो सातशे-साडेसातशेवर येतो. तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने जमीन कोरडीच. ताम्हण ओढ्यांच्या, नद्यांच्या काठाने वाढतं, सीताअशोक दमट सदाहरित जंगलात. बकुळ तुमच्या यादीत आहे ती राहू द्या. ती मूळची घाटातली असली तरी पुण्याच्या रस्त्यांवर चांगली टिकलीय, फक्त पहिली तीन-चार वर्षं तिचे लाड करावे लागतात आणि वाढ फार सावकाश होते.

मग पुण्याचं झाड कोणतं? त्यासाठी पुस्तक उघडण्यापेक्षा एप्रिलअखेर एका सकाळी वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला जाऊन या. वनखात्याने लावलेली उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प तिथे बरीच दिसेल. ते परदेशी झाड, ते सोडून बाकीचं बघा. पळस, पांगारा, मोई, मेडशिंगी, हिवर, धायटी, करवंद. या उतारांवर मातीचा थर वीतभर, खाली काळा पाषाण, आणि पाणी घालायला कोणी नाही. तिथे जे मे महिना काढतं ते तुमच्या अंगणातही काढेल. मात्र ते कसं काढतं, हेही नीट पाहून या. बरीचशी झाडं पानं टाकून उभी असतात, गवत पिवळं पडलेलं असतं, कंद जमिनीत झोपलेले असतात. कमी पाण्याची बाग हवी असेल तर उन्हाळ्यात बागेचा काही भाग असा वाळका दिसणार, हे घरात सगळ्यांनी आधीच मान्य करायला हवं. माझ्या कामात बागा बिघडतात त्या बहुतेक इथेच. मे महिन्यात कोणाला तरी ते पिवळं गवत बघवत नाही, पाइप सुरू होतो, आणि वर्षभरात सगळं पहिल्यासारखं.

आता लॉनचा हिशेब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एप्रिल-मेमध्ये हिरवंगार लॉन राखायचं तर चौरस मीटरला रोज पाच लिटर तरी धरावे लागतात. तुमचं लॉन ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. रोजचे २८० लिटर, महिन्याचे ८,४००. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर बहुतेक पूर्ण टँकर एकट्या लॉनचा. दुसरीकडे, पावसाळ्यात तुमच्या या १,२०० चौरस फुटांवर आभाळातून जवळपास ७८ हजार लिटर पाणी पडतं. ते गटारात न जाता मातीत मुरलं तर बागेची निम्मी चिंता मिटते.

म्हणून पहिलं काम जमिनीचं. अंगणात तीन ठिकाणी पहारीने दीड-दोन फूट खोल खड्डे घ्या आणि कडा नीट बघा. तुमच्या भागातल्या नव्या घरांच्या अंगणात मला बहुतेक वेळा हेच दिसतं: वर चार-सहा इंच लाल माती, तिच्याखाली सिमेंटच्या गोण्यांच्या चिंध्या, फरशीचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, मध्येच एखादी वाकलेली सळई, आणि मग मुरूम. हा राडारोडा जेवढा निघेल तेवढा काढा. आपली जमीन मुळातच थोडी अल्कधर्मी, त्यात प्लास्टरचा चुना उतरला की झाडांना लोह घेता येत नाही. पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोक मग खतावर खत घालतात. दोष जमिनीत असतो, खताने तो हटत नाही.

खड्डा पाण्याने भरा, पाणी जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत गेलं तर उत्तम. रात्रभर साचून राहिलं तर खाली काळी माती आहे किंवा बांधकामाच्या वेळी गाड्यांनी जमीन दाबली गेलीय. अशा ठिकाणी झाड जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंचवट्यावर लावायचं, नाहीतर जुलैतच मुळं कुजतात. मुरमात मात्र उलट, रोप थोडं खोलगट आळ्यात बसवायचं.

वर पसरायला आणखी लाल माती विकत घेऊ नका. ती कुठल्या तरी डोंगरउतारावरून खरवडून आणलेली असते, आणि तुमच्या अंगणात दोन पावसांत दबून घट्ट होते. त्याऐवजी शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, आणि त्यावर पालापाचोळा. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ जोरात असते. सोसायट्या पोत्यांनी पानं बाहेर काढतात आणि देऊन टाकायला उत्सुक असतात. मिळतील तेवढी पोती आणून ठेवा. लागवडीनंतर जमिनीवर तीन-चार इंचांचा थर हवा, फक्त खोडाच्या भोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. बागेत एवढं एकच काम करायची तयारी असेल तर हेच करा. ऑक्टोबरच्या उन्हात आच्छादनाखालची माती उचलून बघा आणि शेजारची उघडी माती बघा. एक मुठीत गोळा होते, दुसरी बोटांतून धूळ होऊन सांडते.

लॉन उपटायला मजूर लावू नका. आजपासून पाणी बंद करा. वाळलं की त्यावर जुने पुठ्ठे अंथरा, चिकटपट्ट्या काढून, आणि वर पानांचा जाड थर द्या. पावसाळा संपेपर्यंत खालचं गवत कुजून खत झालेलं असतं. मध्ये कुठे हरळी डोकं वर काढेल ती हाताने काढा.

हरळी सगळी मात्र घालवू नका. हीच दूर्वा. पुढच्या अंगणात सासूबाईंना हात लावता येईल अशा ठिकाणी शंभरेक चौरस फुटांचा तुकडा तिच्यासाठी ठेवा. उन्हाळ्यात ती वाळते, सोनेरी होते, आणि पहिल्या दोन पावसांत परत हिरवी होते. गणपतीच्या सुमाराला ऐन भरात असते. मुलांना खेळायलाही तेवढी जागा पुरते.

पश्चिमेच्या उन्हाकडे वळू, कारण तुमच्या बागेचा आणि घराच्या थंडाव्याचा सगळा खेळ तिथे आहे. त्या बाजूला बहावा लावायचा विचार तुम्ही कळवलाय. बहाव्यावर माझंही मन आहे. पण एप्रिल-मेमध्ये तो बहुतेक पानं टाकतो आणि पिवळ्या घोसांनी लदतो. बघायला डोळे पुरत नाहीत, पण सावली हवी तेव्हाच नसते. पळसाची पानंही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर गेलेली असतात. सावलीसाठी करंज लावा. त्याची पानगळ थोडक्यात आटोपते, मार्च-एप्रिलमध्ये तकतकीत कोवळी पालवी येते आणि कडक उन्हाच्या दिवसांत गर्द छाया असते. मग त्याची फिकट जांभळट-पांढरी फुलं पडून खालची जमीन झाकली जाते. ती लाह्यांसारखी पसरलेली फुलं झाडून टाकू नका, तेही आच्छादनच. करंज मोठा होतो, म्हणून मागच्या पश्चिम कोपऱ्यात, भिंतीपासून किमान १२-१५ फुटांवर लावा. पानांवर अळ्यांच्या रेघोट्या आणि फोड येतात. दिसायला वाईट, पण झाडाला त्याने काही होत नाही. फवारणी नको.

पुढच्या अंगणात दुसरं झाड आपटा. लहानखोर, काटक, मुरमात राहणारं. रोप घेताना मात्र पानं तपासा, कारण नर्सरीत आपटा म्हणून कांचन सर्रास गळ्यात मारतात आणि दसऱ्याच्या बाजारातही तेच चालतं. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. दुसऱ्या कोपऱ्यात प्राजक्त. सासूबाईंची फुलांची सोय होते, आणि हे झुडूप मुळातच कोरड्या उतारांवरचं असल्याने पाण्यासाठी हटून बसत नाही. बहाव्याचा मोह अगदीच सुटत नसेल तर तो पूर्वेला लावा. त्यावर फिकट पिवळसर-पांढरी कॉमन एमिग्रंट फुलपाखरं अंडी घालतात आणि अळ्या एखाद्या वर्षी फांद्याच्या फांद्या बोडक्या करतात. पंधरा दिवसांत पुन्हा पालवी येते, काळजी करू नका.

झाडांपेक्षा झुडपांवर जास्त पैसे आणि विचार खर्च करा. बाग भरते ती झुडपांनी, आणि कमी पाण्यात खरी जादू तीच करतात. धायटी पश्चिमेच्या उन्हात लावा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत बारक्या फांद्यांवर लाल-केशरी नळ्यांसारखी फुलं लगडतात आणि सकाळी त्यावर शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, उलटे लटकून मध पितात. बाग वाळायला लागलेली असते तेव्हा धायटी फुललेली असते, म्हणून ती मला इतकी मोलाची वाटते. तिच्या जोडीला तरवड, पिवळीधमक फुलं आणि पाण्याची जवळपास गरजच नाही. मग निरगुडी, मुरुडशेंग, पिवळी कोरांटी. पावसाळ्याच्या शेवटापासून थंडीपर्यंत कोरांटी आणि तरवड बाग उजळून ठेवतात.

कुंपणाला डुरांटा किंवा कोनोकार्पस नको. रस्त्याच्या बाजूने करवंद लावा. काटे आहेत, म्हणून मुलांच्या खेळायच्या बाजूला नको, पण गाईगुरं आणि कुत्री आत येत नाहीत, आणि मे महिन्यात जाळी काळ्या करवंदांनी भरते. मुलांच्या बाजूला अडुळसा. त्याला शेळीही तोंड लावत नाही, छाटून हवं तेवढं दाट करता येतं आणि खोकल्याला पानं घरची मिळतात. कढीपत्ता आणि लिंबू तुम्ही लावणारच, तर तेही इथेच. या दोन्हींवर कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या वाढतात, आणि लिंबावर नशीब असेल तर ब्लू मॉरमॉनच्याही. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ते हेच. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी पानावर दिसली तर मुलांना दाखवा, चिमट्याने काढू नका.

करंजाखाली सावली तयार झाली की तिथे दशमुळी आणि चित्रक. दशमुळीची निळी-जांभळी फुलं हिवाळ्याच्या शेवटी येतात. वेलींत रानजाई म्हणजे कुसर, गुळवेल आणि शतावरी. कळलावी तुमच्या यादीत आहे. फूल देखणं, पण तिचा कंद आणि बाकीचे भागही विषारी आहेत. घरात लहान मुलं आहेत तोवर ती नको. रुईसुद्धा याच कारणाने नको, तिचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते.

गवतांत मारवेल आणि पवन्या घ्या, कुसळी टाळा. टेकडीवर ती छान दिसते, पण तिची पिळदार कुसळं मोज्यांत आणि कुत्र्याच्या केसांत शिरतात. मोकळ्या जागांत तेरडा आणि रानहळद टाकून द्या. ही मंडळी चार महिने येतात, फुलतात आणि निघून जातात, पाणी कधीच मागत नाहीत. कॉसमॉसचं बी मात्र कोणी दिलं तरी नको. पिवळा-नारिंगी कॉसमॉस रस्त्याकडेने आणि माळांवर सुसाट पसरतोय.

आता पाण्याची मांडणी. पाणी लागणारी मंडळी बागभर विखरू नका, एका जागी आणा. मोगरा, जास्वंद, गुलाब, तुळस, कुंड्या, सगळं मागच्या दाराच्या नळापाशी. मी देशीचा हट्ट इथे धरत नाही. पूजेला मोगरा हवा तर हवा. धुण्याच्या पाण्यावर केळ, अळू, कर्दळ, जशी जुन्या वाड्यांत मोरीच्या पाण्यावर असायची. वॉशिंग मशीनचं पहिलं साबणाचं पाणी सोडून द्या, खळबळायचं शेवटचं पाणी घ्या. आरओचं सांडपाणी क्षारयुक्त असतं. ते रोज एकाच कुंडीत गेलं तर मातीवर पांढरा थर धरतो, त्यामुळे ते फरशी पुसायला वापरलेलं बरं.

छताचं पाणी टाकीत साठवून उन्हाळ्यात वापरू, असं अनेकांना वाटतं. तुमचं छत समजा ८०० चौरस फूट. हंगामात त्यावरून चाळीस हजार लिटर तरी पाणी येतं. एवढी टाकी तुम्ही बांधणार नाही, आणि पाच हजारांची टाकी डिसेंबरपर्यंत रिकामी होते. त्यापेक्षा पन्हाळीचं पाणी घराच्या पायापासून किमान दहा फूट लांब, बागेतल्या उथळ खोलगट भागात सोडा. आठ-नऊ इंच खोल, गोटे आणि पालापाचोळा टाकलेला. तिथे वाळा लावा. पाणी एका दिवसात जिरायला हवं, म्हणजे डासांचा प्रश्न येत नाही. बोअरवेल असेल तर गाळणखड्डा करून पुनर्भरण करून घ्या. ते काम माहीतगाराकडूनच.

वेळापत्रक साधं आहे. मे महिन्यात खड्डे खणून उन्हात तापू द्या. झाडाला दोन बाय दोन फूट, झुडपाला एक फूट. भरताना निघालेलीच माती, दगड वेचून, त्यात एखादं घमेलं शेणखत. मुरमात पूर्ण खड्डा खताच्या पोकळ मातीने भरला तर मुळं त्या खड्ड्यातच घुटमळतात, बाहेर पडत नाहीत. पहिल्या सरीला लावायची घाई नको. जमीन फूटभर खोल भिजली की, म्हणजे साधारण जूनअखेर ते जुलै. ऑगस्टच्या पुढे ढकललं तर मुळं बसायच्या आत ऑक्टोबरचं ऊन गाठतं. रोपं एक-दीड फुटाची घ्या. आठ फुटी रोप घेतलंत तर दिसायला लगेच झाड, पण पिशवीत वेटोळी झालेली मुळं त्याला वर्षानुवर्षं सावरू देत नाहीत. पिशवी कापल्यावर मुळं गोल फिरलेली दिसली तर धारदार सुरीने दोन-तीन उभे छेद द्या.

पाणी ऑक्टोबरपासून. पहिल्या वर्षी झाडाला आठवड्यातून एकदा १५-२० लिटर, झुडपाला पाच. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांतून एकदा. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि त्यानंतर बंद. तीन झाडं आणि पंचवीस झुडपं धरली तरी पहिल्या वर्षी आठवड्याला १८० लिटरच्या आसपास. लॉन एका दिवसात याहून जास्त पीत होतं. पाणी खोडाशी नाही, फांद्यांच्या टोकाखाली आळं करून द्या, आणि आळं दरवर्षी बाहेर सरकवा. ठिबक बसवायचं नसेल तर झुडपांच्या मध्ये बिनरंगाची मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकण ठेवा. पाणी मडक्यातून झिरपत राहतं आणि मुळं त्याला बिलगतात. गावाला जाताना तर याहून चांगली सोय नाही.

सापांबद्दल तुमची शंका रास्त आहे. टेकडीजवळच्या घरांत ते येतात, लॉन असलं तरी येतात. उंच गवत कुंपणाच्या बाजूला ठेवा, दारापासून आणि मुलांच्या वाटेपासून दोन-तीन मीटर पट्टा मुरमाचा, मोकळा. विटांचे, लाकडांचे ढीग आणि उंदरांना बोलावणारं सांडलेलं अन्न ही खरी कारणं. पालापाचोळ्यात हात घालताना आधी काठीने हलवून घ्या.

मागच्या अंगणातला जुना गुलमोहर तोडायचं तुमच्या मनात आहे, पण तोडू नका. तो परदेशी, मादागास्करचा, हे खरं, पण आज तुमच्याकडे असलेली तेवढीच सावली आहे आणि करंज मोठा व्हायला पाच-सात वर्षं लागतील. शिवाय शहरी भागात स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. नवीन झाडं त्याच्या मुळांपासून लांब लावा, म्हणजे झालं.

शेवटी माळीदादांशी लागवडीच्या आधीच बसून बोला. त्यांची वर्षानुवर्षांची सवय रोज सकाळी पाइप फिरवायची, पानं झाडून जाळायला द्यायची आणि दर महिन्याला खुरप्याने माती उकरायची आहे. या बागेत तिन्ही गोष्टी नकोत. पैसे तेवढेच द्या, फक्त काम बदलून द्या: पानं गोळा करून आच्छादनात घालायची, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी बादलीने मोजून पाणी द्यायचं, गाजर गवत आणि घाणेरीची रोपं फुलायच्या आत मुळासकट काढायची. पाण्याचे वार कॅलेंडरवर लिहून नळाशेजारी लावा, म्हणजे तुम्ही घरी नसतानाही पाइप सुरू होणार नाही.